मागच्या मेजावरची चौकडी

चौथ्या कादंबरीतही तसलीच पेन्सिलीची खूण निघाली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग बाजूला सारला आणि चष्मा पुसला.

खूण केलेल्या ओळीत एक विद्यार्थी जिन्याच्या कठड्यावरून खाली कोसळत होता आणि बाकीचे त्याला अपघात म्हणत होते. आधीच्या तिन्ही पुस्तकांत तीच तऱ्हा. कॉलेज, हुशार मुलांचा कंपू, आणि त्यांच्यातलाच एक जण जिवानिशी जातो.

ही पुस्तकं चौकडीच्या नावावर होती. तीन मुलगे, एक मुलगी, शेवटच्या वर्षाची. रोज दुपारी मागच्या मेजावर डोकी जुळवून बसायची आणि बाई जवळून गेल्या की गप्प व्हायची.

त्या मेजाच्या टोकाला अंग चोरून बसणारी पाचवी एक होती. याच वर्षी दुसऱ्या कॉलेजातून आलेली. बाईंनी मनातल्या मनात तिला चिमणी म्हणायला सुरुवात केली होती. वाचून झालेली पुस्तकं काउंटरवर आणून द्यायचं काम चौकडीनं तिच्याच गळ्यात घातलेलं.

"काय असतं गं यात एवढं?" बाईंनी तिला एकदा विचारलं.

"काय माहीत, मॅडम. मी असलं वाचत नाही. भीती वाटते." ती जरा घुटमळली. "तुम्हीच वाचून बघा ना."

बाईंनी वाचलं. एक संपवली, दुसरी घरी नेली, तिसरी वाचताना बसचा थांबा चुकला. तीस वर्षं त्या या खोलीत बसत होत्या आणि हरवलेल्या छत्रीपलीकडे इथे काही घडलं नव्हतं. कादंबऱ्यांत मात्र अशाच खोल्यांत कट शिजत होते. ग्रंथपालही असायची प्रत्येकीत, पण एखाद्या पानापुरती. शिक्का मारायची आणि तिच्या नाकासमोर चाललेलं तिला कधी दिसायचं नाही. ते बाईंच्या मनाला लागलं.

"पुस्तकातलं भूत पुस्तकातच ठेव," घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरा म्हणाला. "उगाच डोक्यावर बसवून घेऊ नकोस."

"तुम्ही आपली चाकं फिरवा."

पुढच्याच आठवड्यात चिमणी लंगडत आली.

"जिन्यात पडले."

"पडलीस, की पाडलं?"

तिनं मान खाली घातली. "तसं कसं म्हणू? बाहेरच्या विद्यापीठासाठी कॉलेजातून एकाच नावाची शिफारस जाते ना. आम्ही पाचही जण आहोत यादीत. मी आल्यापासून त्यांना ते... जाऊ द्या." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला मावशी म्हटलं तर चालेल? इथे माझं कुणीच नाही."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना मूलबाळ नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी चौकडीवर डोळा ठेवला. त्या चौघांचं हसणंही आता त्यांना खोटं वाटायला लागलं. सोमवारी चौकडीकडून परत आलेल्या एका पुस्तकातून छापील चिठ्ठी पडली. "शुक्रवारी चार वाजता. गच्ची. तिला एकटीला."

बाईंनी तडक प्राचार्यांचं दार गाठलं.

"बाई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय," प्राचार्य म्हणाले. "गुणी मुलं आहेत ती."

"सर, गुणी मुलांच्याच गोष्टी आहेत त्या सगळ्या. शुक्रवारी नुसते माझ्याबरोबर वर चला. काही नसलं तर मी राजीनामा देते."

शुक्रवारी गच्चीचं दार ढकललं तेव्हा चौघंही तिथे होती. चिमणी कठड्याला टेकून थरथरत होती, एका बाहीची शिवण उसवलेली. बाई धावल्या. तिनं त्यांना मिठी मारली आणि हुंदका दिला.

"आम्ही काही केलं नाही!" चौकडीतली मुलगी ओरडली. "हिनंच बोलावलं आम्हाला, सर! आम्ही नुसती पुस्तकं वाचतो हो!"

प्राचार्यांनी चिठ्ठी पुढे धरली. चौघंही एकमेकांकडे बघत राहिली. त्यांचा तो गोंधळच बाईंना कबुलीसारखा वाटला.

समिती बसली. खुणा केलेली पुस्तकं मेजावर मांडली गेली, बाईंची साक्ष झाली. महिन्याभरात चौघांची नावं कॉलेजातून कमी झाली. एकाची आई फाटकाशी दोन तास उभी होती. तिच्या नजरेला नजर देणं बाईंना जड गेलं, पण चिमणी सुखरूप होती आणि बाकीचं सगळं त्यापुढे लहान होतं.

शिफारशीत आता एकच नाव उरलं. निघताना चिमणी वाकून पाया पडली. "मावशी, तुम्ही नसता तर मी नसतेच." नवऱ्यानंही त्या दिवशी मान्य केलं, "तुझी नजर खरी ठरली बाई."

पंधरा दिवसांनी दुपारी लायब्ररीतला फोन वाजला. पलीकडे कुणी वयस्कर गृहस्थ होते. चिमणी आधी जिथे शिकत होती, त्या कॉलेजचे ग्रंथपाल.

"आमची सहा पुस्तकं तिच्याकडे राहिलीत, म्हणून फोन केला. कॉलेजातल्या खुनांच्या कादंबऱ्या आहेत. फार वेड होतं तिला त्यांचं."

"तिला?" बाई म्हणाल्या.

"पुस्तकं नाही मिळाली तरी चालेल हो. पोर बरी आहे ना, तेवढं सांगा. मला काका म्हणायची. आमच्या इथली चार मुलं तिच्या जिवावर उठली होती. नशीब, मला वेळेवर संशय आला म्हणून वाचली बिचारी."