मातीला जाऊ का?

“मग अप्पांच्या मातीला म्या जायाचं का न्हाय, तेवढं सांगा,” मल्लेश म्हणाला.

अप्पा, म्हणजे त्याचे वडील कल्याणप्पा, अजून जिवंत होते. माकणीत, गावच्या घरी खाटेवर होते, पण जिवंत होते. सकाळीच धाकट्या भावाचा, गुंडाप्पाचा फोन आला होता. डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलंय, दोन दिवस काढतील का चार, काही खरं नाही, ये. आणि हा बहाद्दर माकणीची वाट धरायची सोडून लोहाऱ्यात प्रेमाबाईंच्या ओसरीवर मांडीवर बायबल घेऊन बसला होता. वडाप करायची, सीटा भरून गावोगाव न्यायची त्याची जीप बाहेर उन्हात तापत होती.

प्रेमाबाई रिटायर मास्तरीण, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. गुरुवारची प्रार्थना त्यांच्याच घरी व्हायची. दोन वर्षांपूर्वी मल्लेश तिथं यायला लागला, त्यावरून घरात भांडण झालं, आणि तेव्हापासून त्यानं माकणीत पाय टाकला नव्हता. घर लिंगायताचं. माणूस गेला की बसवून पुरायचा, आणि त्यांच्या घरात पहिली मूठ माती थोरल्या मुलाची. थोरला मल्लेशच.

त्याचं बोट ज्या वचनावर अडलं होतं ते असं. एक जण येशूला म्हणतो, येतो तुझ्यामागं, पण आधी बापाला पुरून येतो. येशू म्हणतो, मेलेल्यांचं मेलेले बघतील, तू चल.

“ज्यांच्यात जाळत्यात त्यांचं ठीक हाय,” मल्लेश म्हणाला. “आमच्यात पुरत्यात. हे तर नीट आमालाच लिवलंय की!”

प्रेमाबाईंनी कपाळावर हात मारला. आत जाऊन एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात त्या काळच्या चालीरीती दिल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी पान काढलं.

“हे बघ. त्या मुलखात माणूस गेला की त्याच दिवशी पुरायचे. बाप घरात मरून पडला असता, तर पोरगा रस्त्यावर गप्पा मारत उभा राहिला असता का? म्हणजे बाप धडधाकट होता. ‘बापाला पुरून येतो’ म्हणजे म्हातारा आहे तोवर घर सोडत नाही, मग पुढचं पुढं बघू.”

मल्लेशनं डोकं खाजवलं. मग त्याचं तोंड आणखीच उतरलं.

“मग तर लईच अवघड झालं, बाई. जित्या बापाला सोडून ये म्हणला का त्यो?”

“अरे, तसं नव्हे रे!” प्रेमाबाईंनी घाईघाईनं पान उलटलं आणि त्याच अडखळल्या. “थांब. दुसरे एक पंडित म्हणतात, बाप मेलेलाच होता. वर्षभरानं हाडं गोळा करून दगडी पेटीत ठेवायची चाल होती. तेवढं करायचं राहिलं होतं.”

“हाडं? आमच्यात कोण हाडं काढतंय? एकदा बसीवलं की बसीवलं.”

“तुमच्यात नाही रे बाबा, त्यांच्यात!”

“बरं, त्यांच्यात. मग बाप जिता हुता का मेलेला?”

“एक म्हणतो जिवंत. एक म्हणतो मेलेला.”

“आणि आपण काय धरायचं?”

प्रेमाबाईंनी पुस्तक मिटलं, परत उघडलं. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, पण आज एका जीपवाल्यानं त्यांना पुरतं गुंडाळलं होतं. तेवढ्यात मल्लेशचा मोबाइल वाजला. गुंडाप्पा. मल्लेशनं नाव वाचलं आणि मोबाइल पालथा घातला. तो वाजून वाजून थांबला.

“उचल की!”

“आधी ह्याचं ठरू द्या, बाई.”

प्रेमाबाईंनी चष्मा काढला.

“मल्लेश, बाप जिवंत होता का मेलेला, मला सांगता येत नाही. पाद्रीबाबांना विचारलं तर ते तिसरंच काहीतरी सांगतील. पण तो पोरगा सबब सांगत होता, एवढं त्या दोघा पंडितांनाही मान्य आहे. तू सकाळपासून काय करतोयस?”

मल्लेशला लाज वाटली. लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. दोन वर्षं गेलो नाही, आता कुठल्या तोंडानं जायचं? पण त्यानं बायबल ओसरीवर ठेवलं आणि जीप चालू केली.

माकणीत दारातच गुंडाप्पा उभा होता. तो नुसता बाजूला झाला. आत कल्याणप्पा उशीला टेकून पडले होते. अंगाची पार काडी झाली होती. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

“सोडलं व्हय तुला तुझ्या देवानं?” त्यांनी विचारलं.

मल्लेशला काही कळेना. ह्यात राग होता का, टोमणा होता? त्यानं गुंडाप्पाकडं पाहिलं. गुंडाप्पानं मान फिरवली.

“ह्यो गुंड्या म्हणायचा, दादा उलटला,” कल्याणप्पा थांबत थांबत बोलत होते. “गाव बी म्हणायचं. म्या सगळ्यास्नी एकच सांगितलं. माझं लेकरू तसलं न्हाय. त्याला यायचंय. त्याचा देव लई कडक हाय, सोडत न्हाय त्याला.”

मल्लेश खाटेशेजारी खाली बसला. वाटभर तो काय सांगायचं ते जुळवत आला होता, आणि इथं बापानंच दोन वर्षं त्याच्यासाठी सबब सांभाळून ठेवली होती. आता नुसतं व्हय म्हणायचं होतं. त्यानं अप्पांचा हात हातात घेतला.

“देव सोडत हुता, अप्पा,” तो म्हणाला. “म्याच आलो न्हाय.”