सालीचा काढा

फळाची ओळख पटली तर हौसाबाईचा फायदा एवढाच, की तिच्या इस्त्रीच्या टेबलावरची सावली टिकणार होती. दुधीभोपळ्याएवढं ते फळ टेबलावर सावली धरणाऱ्या झाडावरून थेट चेअरमनसाहेबांच्या गाडीवर पडलं आणि सोसायटीने झाडच तोडायचं ठरवलं.

झाडाखाली पडलेलं दुसरं फळ तिने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांपुढे ठेवलं. “काहीतरी कामाचं आहे म्हणा ना, सर.”

कॉलनीतल्यांनी आणलेली पानं-बिया ओळखून सर कंटाळले होते. झाड आफ्रिकेतलं आणि कच्चं फळ पोटात गेलं तर अपाय, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण तिचा चेहरा बघून ते मीटिंगमध्ये बोलून गेले, “याच्या सालीचा काढा शुगरवर उत्तम.”

चेअरमनसाहेबांची शुगर तीनशेच्या खाली येत नव्हती. झाड वाचलं.

दुसऱ्या दिवशी मॉर्निंग वॉकची मंडळी सुऱ्या घेऊनच आली. “थोडीशीच घेतोय, हौसाबाई!” म्हणत रोज प्रत्येकाने थोडीशीच साल नेली. ती ओरडून दमली. हात पोचेल तिथवर खोड सोललं गेलं आणि उन्हाळ्याआधीच झाड वाळलं.

शुगर कुणाचीच उतरली नाही. वाळलेलं झाड तोडलं आणि त्या जागी चेअरमनसाहेबांना पार्किंग मिळालं. हौसाबाई आता भर उन्हात इस्त्री करते आणि सरांच्या सदऱ्यांचे पैसे घेत नाही.

“राहू द्या हो, सर. माझ्यासाठी तुमच्याशिवाय कोण बोललं?”