ओरड आली नाही

"कोनी बोंबललं काय?" फोनवर नौमानने विचारलं.

"नाई, नौमानभाई. एकबी नाई."

"मंग उडव. फुकटचे भाडेकरू हायेत हे सारे."

समता सोनाळा या आपल्या गावी, घराच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली होती. पुण्याहून आदल्या दिवशीच आली होती. सुट्टी मिळाली नव्हती, घरून काम करायची परवानगी मिळाली होती. कंपनीचे सगळे प्रोग्राम ज्या सर्व्हरांच्या ताफ्यावर चालत, त्या क्लस्टरची राखण तिच्याकडे आणि तिचा वरिष्ठ नौमान याच्याकडे होती. या महिन्यात त्यांनी साफसफाई काढली होती. नौमानचा नियम सोपा होता. क्लस्टरमधल्या ज्या कप्प्यावर कोणाचं नाव नाही, तो बंद करायचा आणि आठवडाभर वाट बघायची. ज्याचं काम अडेल तो ओरडत येईल. कोणीच ओरडलं नाही तर तो कप्पा कोणाचाच नाही.

'पायलट-दोन' हा त्यातला शेवटचा. मालकाची जागा रिकामी. रोज सकाळी त्यात काही मिनिटं काहीतरी चालायचं, मग दिवसभर सामसूम. समताने तो मागच्या आठवड्यात बंद केला होता. आत काय आहे ते उघडून बघता आलं असतं. पण असे कप्पे बरेच होते, आणि नियम ठरलेला होता.

तिने हुकूम टाइप केला, नाव पुन्हा एकदा वाचलं आणि एंटर दाबलं. पडद्यावर त्या नावापुढे 'टर्मिनेटिंग', म्हणजे पुसणं चालू, असं आलं. आतलं एकेक मिटायला थोडा वेळ लागतो. पण हा शब्द एकदा उमटला की मागे फिरता येत नाही.

अंगणाचं लोखंडी फाटक करकरलं. शेजारच्या जनकाबाई आत आल्या. कपाळावर एका बाजूला हळद भरलेली होती.

"आली वं तू? तुया मायनं सांगतलं."

"या मावशी, बसा. हे काय लागलं?"

"काई नाई. चक्कर आली न मोरीपाशी पडली. बीपी हाय ना मले." जनकाबाई तिच्यासमोर टेकल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "एक इचारू? राग नको मानू. तू फोन करनं काऊन बंद केलं?"

"मी? कोनाले?"

"मले. रोज सकायी. 'माय, गोयी घेतली काय? घेतली असन त एक दाबजो.' तुया फोन आला का मी गोयी घेत जाओ. आता फोन येत नाई, त ध्यानातच राहत नाई."

समताने पडद्याकडे पाहिलं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी कंपनीने बुलढाणा जिल्ह्यातल्या रक्तदाबाच्या पेशंटांसाठी, रोज गोळीची आठवण देणाऱ्या आपोआप फोनचा एक प्रयोग केला होता. वऱ्हाडी बोलणारी म्हणून आवाज तिचा घेतला. मीटिंगच्या खोलीतला एसी बंद करून तिने ते एक वाक्य पाच-सहा वेळा म्हटलं होतं. जनकाबाईंचा नंबरही तिनेच दिला होता. पुढे प्रयोग संपला, करणारे लोक कंपनी सोडून गेले. फोन बंद करायचं मात्र कोणालाच सुचलं नव्हतं; ते रोज सकाळी 'पायलट-दोन'मधून जात राहिले होते.

नाव अजून पडद्यावर होतं. तिने थांबवायचा हुकूम टाइप करायला घेतला आणि हात मागे घेतला. असा हुकूम नसतो, हे तिला ठाऊक होतं. ती बघत असतानाच ती ओळ नाहीशी झाली. खालच्या ओळी वर सरकल्या. बॅकअप मालकाच्या सांगण्यावरून घेतले जात. मालक नव्हता, म्हणून बॅकअपही नव्हता. आवाज गेला, नंबर गेले. आणखी किती जणांना तो फोन जात होता, हेही आता कळणार नव्हतं.

"मंग मले सांगायचं ना, मावशी," ती म्हणाली. "माया मायले सांगायचं. ओरडायचं माह्यावर."

"तुयावर?" जनकाबाई हसल्या. "एवढी कामाची पोरगी रोज याद करे, थेच लय झालं. मनलं, कंटायली असन. मी बी त म्हैस याली, कपाशी फुटली, सारं सांगत बसो. तू एकदाबी काई बोलली नाई. मनलं, घाईत असन."

समताने जनकाबाईंचा नंबर विचारून आपल्या मोबाइलमध्ये घेतला.

"उद्यापासून मी करतो फोन. सोता."

"जमन तसा कर. तुयं काम नको खोयंबू."

लॅपटॉपवर नौमानचा निरोप आला. 'उडालं? बोंब नाही ना कोणाची?'

"साहेब असतीन तुये," जनकाबाई उठत म्हणाल्या. "कर बाप्पा तू."

समताची बोटं कीबोर्डवर होती. पडद्यावर नौमानचा प्रश्न तसाच होता. ती फाटकाकडे बघत राहिली. पोरगी कामात आहे, आवाज नको, म्हणून जनकाबाईंनी ते जड फाटक दोन्ही हातांनी थोडं वर उचलून धरलं आणि अजिबात न करकरता लावून घेतलं.