अकरा किलोमीटरचा वळसा

नव्या उच्चदाब वीजवाहिनीचा सगळ्यात स्वस्त मार्ग संगणकाने शोधला, तो नेमका नियोजन अभियंत्याच्या वडिलांच्या घरावरून गेला. अभियंत्याने गणितात एक अट वाढवली: हे घर सोडून जावे. संगणक बिचारा हुकमाचा ताबेदार. त्याने वाहिनी अकरा किलोमीटर वळवली. साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वडिलांवर फारच जीव दिसतो?" आणि सही केली.

अभियंत्याने लगेच फोन लावला. "बाबा, घर वाचलं."



"अरे, मोजणीवाले म्हणाले होते, घर नक्की जाणार. मी ट्रंक भरून ठेवली, भांडी शेजाऱ्यांना वाटून टाकली. म्हटलं, आता तुझ्याकडेच..." बाबा खाकरले. "असो. चांगलं केलंस हो. चहापुरतं एक पातेलं परत मागून आणतो."

"हो, आणा," अभियंता म्हणाला.

संध्याकाळी दारातच बायकोने विचारलं, "टळलं का त्यांचं येणं?"

"टळलं," तो बूट काढत म्हणाला. "साहेबांची सहीसुद्धा झाली."