कापायचं, घालायचं नाही

“त्या खुर्चीत नको, पोरी. मागचं दार लागतं पाठीला,” क्रीडावाले काका म्हणाले आणि त्यांनी खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

पत्रकारांच्या क्लबातलं हे कोपऱ्यातलं टेबल. चार खुर्च्यांतली एक तीन आठवड्यांपासून रिकामी होती. तिथे तिचे बाबा बसत. खिडकीतून सगळा चौक दिसे, झाडं दिसत, वारा येई. पण स्वयंपाकघराच्या दाराला टेकलेली ती खुर्ची बाबांनी चाळीस वर्षांत सोडली नव्हती.

“चहा आधी हाताशी यावा म्हणून,” फोटोग्राफर काका म्हणाले. “दुसरं काय कारण असणार?”

तिला हसू आलं. ती इथे पहिल्यांदाच येत होती. ओळखीचा होता तो फक्त इथला फोन. शाळेत असताना ती रोज संध्याकाळी इथे फोन लावायची आणि काउंटरवरचा माणूस रोज तेच सांगायचा, “आत्ताच निघाले.” बाबा घरी पोचत तासाभरानं. क्लब घरापासून दहा मिनिटांवर. “राजधानी फार मोठी आहे गं,” आई ताट झाकून ठेवत म्हणायची.

क्रीडावाल्या काकांनी खिशातून दुमडलेले कागद काढले.

“आमच्या टेबलाचा रिवाज बाबानं सांगितलाय ना तुला?”

“थोडासा.”

“एकमेकांचे मृत्युलेख जिवंतपणीच लिहून ठेवायचे. माणूस गेल्यावर रडत लिहिलेलं कुणाला वाचवत नाही. मग ज्याचा लेख त्यालाच तपासायला द्यायचा. त्यानं हवं तेवढं कापावं, पण घालायचं काही नाही. नियम तुझ्या बाबाचाच. आणि वेळ आली की घरच्या माणसानं इथे बसून तो एकदा मोठ्यानं वाचायचा.” ते थांबले. “जमणार नसेल तर मी वाचतो.”

“मीच वाचते. आधी मनात एकदा.”

तिला एकच गोष्ट बघायची होती. चाळीस वर्षांच्या संध्याकाळी बाबांनी या टेबलाला दिल्या. त्या संध्याकाळींत आपण कुठे होतो का, एवढंच.

तीन पानं. काकांची निळी शाई आणि तिच्यावर बाबांची लाल पेन्सिल. बाबांनी जन्मभर इतरांच्या बातम्या तपासल्या. टेबलावर त्यांचं नाव ‘कात्री’. कात्रीनं स्वतःलाही सूट दिली नव्हती. ‘निर्भीड’ गेलं होतं. दोन्ही पुरस्कार गेले होते. मंत्र्यानं माफी मागितल्याचा अख्खा परिच्छेद एका आडव्या रेघेत गेला होता. ‘पत्रकारितेचा दीपस्तंभ’ खोडून समासात शेरा मारला होता: ‘बंदरावर नोकरी केल्याचं आठवत नाही.’

“एक विशेषण ठेवलं नाही गड्यानं,” क्रीडावाले काका म्हणाले.

“तू सामना समजून लिहितोस,” फोटोग्राफर काका म्हणाले. “शेवटी जिंकलाच पाहिजे कुणीतरी.”

तिनं पान उलटलं. जन्म, शिक्षण, नोकरी. शेवटच्या पानावर ‘त्यांच्या पश्चात एक मुलगी आहे’. ती क्षणभर तिथे थांबली. तेवढं तर सगळ्यांच्याच लेखात असतं.

त्याखाली आणखी एक ओळ होती. निळ्या शाईनं दोनदा खोडलेली.

“ते सोड,” क्रीडावाले काका चुळबुळले. “ते त्याला द्यायच्या आधी मीच काट मारली होती. आमची थाप आमच्याच तोंडून कशाला.”

पण खोडलेल्या ओळीखाली लाल पेन्सिलीची टिंबं होती. प्रत्येक शब्दाखाली, एकही न गाळता. ती खूण तिला लहानपणापासून माहीत होती. तिनं निबंधातलं एखादं वाक्य रागानं खोडलं की बाबा त्याखाली अशी टिंबं देत. खोडलंय, तरी राहू द्या.

तिनं ओळ वाचली. ‘रोज सव्वासात वाजता मुलीचा फोन येई, आणि ते टेबलावर बसलेले असतानाच ते निघाल्याचं तिला कळवलं जाई.’ त्यातल्या ‘सव्वासात’वर मात्र लाल रेघ होती. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘सात वाजून दहा मिनिटं.’

फोटोग्राफर काका पुढे झुकले. “घातलं की त्यानं. कात्रीनं नियम मोडला.”

“तेही पाच मिनिटांसाठी,” क्रीडावाले काका म्हणाले. “मी आपलं अंदाजानं लिहिलं होतं. घड्याळ कोण धरून बसलं होतं?”

रेडिओवरच्या सातच्या बातम्या दहा मिनिटं चालत. त्या संपल्या की ती रेडिओ बंद करायची आणि फोन लावायची. हे तिनं बाबांना कधीच सांगितलं नव्हतं. त्या वेळी ते घरी नसतच.

कागद घेऊन ती उठली आणि टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली.

“अगं, दार लागेल.”

“लागू दे, काका.”

ती बाबांच्या खुर्चीत बसली. लगेच कुणीतरी आतून ट्रे घेऊन आलं आणि दार पाठीला लागलं. इथून चौक दिसत नव्हता, झाडं दिसत नव्हती. नाकासमोर काउंटर होतं, त्यावर जुना काळा फोन, आणि फोनच्या बरोबर वर भिंतीवरचं घड्याळ.