चाळिसाव्या दिवसाचा कागद

कवी माझ्या फाटकाशी उभा राहून माझ्या बायकोच्या, दोन्काच्या, श्रद्धांजलीच्या कागदावर पेनाने खाडाखोड करत होता. आमच्या बल्गेरियात माणूस गेलं की चाळिसाव्या दिवशी त्याचा फोटो आणि चार ओळी छापून गावभर चिकटवतात. मी छापलेल्या ओळी ह्याच्याच होत्या. विशीत, आमचं लग्न व्हायच्या आधी, त्याने दोन्कावरच लिहिलेल्या.

“हात काढ,” मी म्हणालो.

“अरे, ही जुनी प्रत आहे. नव्या आवृत्तीसाठी मी कविता सुधारलीय. ‘भाजलेल्या मिरच्या सोलून लाल झालेली तिची बोटं’ फारच बाळबोध वाटायचं. आता तिथे ‘संध्याकाळची लाल बोटं’ आहे.”

“आणि दोन्का?”

“तिची गरज उरली नाही.”

“डबाबंद मिरच्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तिची बोटं जळली. तुझी संध्याकाळ एक दिवस तरी आली होती का कामाला?”

“कविता माझी आहे, स्तोयान.”

“मग केस रंगवतोस तशी तीही रंगव. पण घरी बसून.”

मी पेन हिसकावून घेतलं आणि दुसरा कागद चिकटवला. त्या ओळींचा मला आयुष्यभर राग होता. त्याचं ते कवितांचं पुस्तक टेबलावर दिसलं की मी जेवणावरून उठायचो, आणि दोन्का ते मुकाट्याने पिठाच्या डब्यामागे ठेवायची. आता मी त्याच्या तोंडावर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्या चारही ओळी म्हटल्या. एकही शब्द चुकला नाही. मला त्या पाठ आहेत, हे दोन्काला मी कधी कळू दिलं नव्हतं.