आतली कडी

मुलींच्या नव्या कोऱ्या स्वच्छतागृहाची किल्ली मुख्याध्यापकांनी इतकी जपून ठेवली, की ती त्यांनाच सापडेना. उद्यावर तपासणी आलेली. ते धावतपळत कुलूपवाल्याकडे गेले. तो बाहेरगावी होता. दुकानात त्याची लेक बसली होती.

"मग तूच चल, बाई."

वाटेत त्यांना राहवलं नाही. "एवढी हुशार तू. आठवीत आल्यावर शाळा का सोडलीस?"

"आधी कुलूप बघू, सर."

तिनं चुटकीसरशी कुलूप काढलं. आतल्या लख्ख फरशीवर कुणाचं पाऊल पडलेलं दिसत नव्हतं.

"वापरलं की खराब होतं, म्हणून बंदच ठेवतो," सर कौतुकानं म्हणाले.

ती हत्यारांची पिशवी घेऊन आत गेली. बराच वेळ ठोकाठोक चालली. बाहेर आली तेव्हा दाराचा बाहेरचा कोयंडा तिच्या हातात होता.

"अगं, आता कुलूप कुठे लावू?"

"आता कुलूप लागणार नाही, सर. कडी आतून बसवलीय." कोयंडा त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "उद्यापासून शाळेत येते. घरी बसलेल्या मैत्रिणींनाही आणते."